चौदा महिन्यांचा ट्रक आणि चासीवरचा जोड

पत्र :

सर, नमस्कार. मी कागल तालुक्यातला. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हर होतो. यंदा अक्षय्य तृतीयेला स्वतःची दहा चाकी घेतली. १४ महिन्यांची, मीटरवर ४१ हजार किलोमीटर, पहिलाच मालक, किंमत २९ लाख. पुण्याकडचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी आहे, मेहुण्याच्या ओळखीतला, त्याच्याकडून घेतली. 'एक ओरखडा नाही, नॉन-ॲक्सिडेंट' असं त्यानं व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं. सहा लाख मी भरले, त्यात बायकोचं गंठण गेलं, बाकी फायनान्स. शिरोलीच्या फौंड्र्यांचं कास्टिंग चाकणला नेतो. पुतण्या क्लीनर आहे, गाडी मीच चालवतो. पुढचं डावं टायर बाहेरच्या बाजूनं खायला लागलं म्हणून गणपतीनंतर अलाइनमेंटला लावली. दोनदा करूनही तेच. मग उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं डिझेलची टाकी उतरवली. टाकीच्या मागं चासीच्या, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या खालच्या सांगाड्याच्या, डाव्या लांब चॅनलला प्लेट मारून वेल्डिंग केलंय आणि वरून काळा रंग. मिस्त्री म्हणाला, 'मालक, ही गाडी एकदा मेलेली हाय.' व्यापारी फोनवर म्हणतो, 'जुनी गाडी आहे, आहे त्या स्थितीत दिलीय.' मेहुणा म्हणतो, 'अजून एक प्लेट मार, रंग दे आणि हंगामाआधी दुसऱ्याच्या गळ्यात घाल.' दसऱ्यानंतर कारखान्याच्या उसाला गाडी लावायचा करार झालाय, उचल म्हणून आगाऊ पैसेही घेतलेत. गाडी हंगामभर चालेल का? पैसे परत मिळतील का? मेहुण्याचं ऐकू का?

उत्तर :

नमस्कार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला वेळ थोडा आहे. मेहुण्याचं ऐकू नका. दुसरी प्लेट नको, ग्राइंडर नको, रंगाचा ब्रश तर चासीजवळ आणूच नका. मिस्त्री 'तात्पुरते दोन टाके मारून देतो' म्हणाला तरी नको. आज त्या चॅनलवर जे दिसतंय, तोच तुमचा पुरावा. वेल्डिंगवर वेल्डिंग चढलं की उद्या व्यापारी म्हणेल, हे सगळं तुम्हीच करून घेतलंय, आणि त्याला खोटं पाडायला तुमच्या हातात काही राहणार नाही.

दुसरं, गाडी भरू नका. हंगामभर चालेल का, असं तुम्ही विचारता. कदाचित चालेलही, आणि भीती त्याचीच आहे. जोडलेली चासी पहिल्या खेपेला मोडत नाही. चार महिने चालते, माणसाला वाटतं मिस्त्री उगाच घाबरवत होता, आणि मग एखाद्या रात्री भरल्या गाडीत चीर पुढं सरकते.

तुम्ही इतकी वर्षं गाडी चालवलीय, तेव्हा चासी म्हणजे काय हे सांगायला नको. पण ती कुठं मार खाते, हे नीट बघू. भरलेल्या गाडीत लांब चॅनलची वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. सगळ्यात जास्त ताण या दोन पट्ट्यांवर असतो. म्हणूनच कंपन्या बजावून सांगतात की वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका. अगदी गरज पडली तर भोक मधल्या उभ्या भागात. त्यात चासीचं पोलाद साध्या अँगल-चॅनलसारखं नसतं. त्याची ताकद ठरावीक प्रक्रियेतून आलेली असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं ती बिघडते. शिवणीलगतचा जो पट्टा तापून थंड होतो, तिथलं पोलाद पहिल्यासारखं राहत नाही. त्यामुळं नवी चीर बहुतेक वेळा जोडाच्या शेजारून निघते. 'जोड कसा भक्कम बसलाय बघा' असं कुणी दाखवलं, तर जोडाकडं बघू नका, त्याच्या दोन बोटं अलीकडं-पलीकडं बघा.

प्लेटचं टोकही बघून ठेवा. नियमानं केलेल्या मजबुतीकरणात प्लेटचं टोक तिरकं उतरतं कापतात, म्हणजे ताण एका रेषेवर साठत नाही. सरळ उभं कापलेलं टोक असेल आणि त्यावर वरपासून खालपर्यंत वेल्डिंगची उभी रेघ ओढली असेल, तर ज्यानं ते केलं त्याला गाडी फक्त विकायची होती.

त्यात तुमचा माल कास्टिंग. बिडाचं वजन घनमीटरला सात टनांच्या वर जातं, म्हणजे माल दिसायला हौद्याच्या तळाशी मूठभर आणि वजन मात्र पुरं. कापसासारखा तो हौदाभर पसरत नाही, दोन-तीन ठिकाणी बसतो आणि तिथंच चासी दाबतो. उसाचं वेगळं. फडातून भरलेली गाडी बाहेर काढताना एक चाक चारीत आणि दुसरं बांधावर, अशा वेळी चासीला जो पीळ बसतो तो हमरस्त्यावर कधी बसत नाही. कोकणात जायची खेप मिळाली तर करूळ किंवा फोंडा घाटाची वळणं आहेतच. बरा असलेला चॅनल हे सगळं सोसतो. तुमचा कसा आहे, ते अजून आपल्याला ठाऊक नाही.

ते कळायला दोन तपासण्या पुरतात, आणि दोन्ही कोल्हापुरात होतात.

पहिली मापाची. गाडी रिकामी करा, सगळ्या टायरात सारखी हवा भरा आणि सिमेंटच्या सपाट जमिनीवर उभी करा. आता गवंड्याचा ओळंबा घ्या. पुढच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांच्या, पुढच्या पिनेपासून डाव्या बाजूला ओळंबा सोडा, जमिनीवर खडूनं फुली करा. तसंच उजव्या बाजूला. मग मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपासून, पुन्हा डावी-उजवी. शक्य असेल तर मधल्या एका क्रॉस मेंबरच्या, म्हणजे दोन चॅनल जोडणाऱ्या आडव्या तुकड्याच्या, दोन्ही टोकांपासूनही. गाडी बाजूला घ्या आणि फुल्या कर्णात मोजा : पुढची डावी ते मागची उजवी, पुढची उजवी ते मागची डावी. दोन्ही कर्ण सारखे आले तर चासी काटकोनात आहे. ढिली बाज एका कोपऱ्यात दाबली की जशी तिरकी होते, तशी चासी झाली असेल तर एक कर्ण मोठा येईल. किती फरक चालतो, ते कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. तो आकडा अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. एक सावधगिरी : पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकला तरी गाडी तिरकी चालते आणि टायर खाते. त्यामुळं चाकापासून चाकापर्यंतचं माप वेगळं घ्या आणि चासीचं वेगळं. व्यापारी उद्या 'हा नुसता सेंटर बोल्टचा प्रॉब्लेम' म्हणाला तर उत्तर तयार पाहिजे.

दुसरी तपासणी चिरेची. तुम्ही ज्या फौंड्र्यांचा माल नेता, तिथं कास्टिंगमधल्या बारीक चिरा शोधायची कामं सतत चालतात. डाय पेनिट्रंट आणि मॅग्नाफ्लक्स ही नावं तुम्ही गेटवर ऐकली असतील. डाय पेनिट्रंट तर अगदी सोपं : रंग काढून जागा स्वच्छ पुसायची, लाल द्रव फवारायचा, काही मिनिटं मुरू द्यायचा, वरचा पुसून टाकायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते आणि बघता बघता रुंदावते. डोळ्यांना जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथं ती उमटते. ही तपासणी पृष्ठभागापर्यंत आलेली चीरच दाखवते. प्लेटखाली चॅनलचं काय झालंय, ते प्लेट काढल्याशिवाय कळणार नाही, आणि ती इतक्यात काढायची नाही.

रंग काढायचा म्हणजे पुराव्याला हात लावणंच. म्हणून क्रम मोडू नका. टाकी पुन्हा जागेवर लावा आणि तशीच बाहेरून फोटो-व्हिडिओ घ्या. हा फोटो फार कामाचा आहे, का ते कायद्याकडं आल्यावर सांगतो. मग टाकी उतरवतानाचा सलग व्हिडिओ, त्यात नंबर प्लेट आणि चासी नंबर दिसू द्या. मग जोडाचे जवळून फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. आसपासचे नट-बोल्टही टिपा : कंपनीचे जोड एका पद्धतीचे असतात, त्यात दोनच ठिकाणी बाजारी नट-बोल्ट दिसले तर तिथं काहीतरी उघडून पुन्हा बसवलंय. वायरिंगची क्लिप गायब आहे का, हवेचा पाइप नवा आहे का, टाकीचं ब्रॅकेट बाकीच्यापेक्षा चकचकीत आहे का, हौद्याचे यू-बोल्ट सरकवलेत का, तेही बघा. हे सगळं झाल्यावर परवानाधारक विमा सर्व्हेअर किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या ऑटोमोबाइल विभागातला जाणकार माणूस बोलवा आणि त्याच्यासमोर माप आणि तपासणी करून सहीचा अहवाल घ्या. उद्यमनगरातल्या मिस्त्रीचा हात आणि नजर यांबद्दल मला शंका नाही, त्यानं जे शोधलं ते अलाइनमेंटच्या मशीनला दोनदा जमलं नाही. पण ग्राहक आयोगापुढं कागद बोलतो.

एक गोष्ट आजच बघा : चॅनलवर कोरलेला चासी नंबर. आरसीशी जुळवा, आणि आकड्यांच्या आसपास घासल्याच्या, भरून काढल्याच्या खुणा आहेत का ते बॅटरी धरून बघा. तिथं जरा जरी शंका आली तर पुढचं सगळं बाजूला ठेवा आणि लेखी अर्ज घेऊन सरळ पोलीस ठाणं आणि आरटीओ गाठा. मग प्रकरण अपघाताचं राहत नाही, गाडी कुणाची इथपासून सुरुवात होते.

आता ही गाडी १४ महिने कुठं होती, ते शोधू. तुमच्या घरातच बरेच कागद असतील. व्यापाऱ्यानं दिलेली जुनी विमा पॉलिसी काढा. गाडी वर्षाची झाल्यावर पहिल्या मालकानं एकदा नूतनीकरण केलेलं असणार. त्यात नो क्लेम बोनसचा, म्हणजे दावा न केल्याबद्दलच्या सवलतीचा, रकाना बघा. पहिल्या वर्षी स्वतःच्या नुकसानीचा दावा केला नसेल तर तिथं २० टक्के हवेत. शून्य असेल तर दावा झाल्याचा संशय घ्यायला जागा आहे. २० असले म्हणून गाडी धुतल्या तांदळासारखी ठरत नाही, कारण दावा न करता रोखीनं काम उरकणारेही आहेत. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांपुढं गेला तर विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. मग तो सांगाडा लिलावात जातो, कुणीतरी उभा करतो आणि 'जवळजवळ नवी' म्हणून पुन्हा बाजारात येतो. तुमच्या गाडीचं असंच झालंय असं मी म्हणत नाही. पण जुन्या पॉलिसीवरच्या विमा कंपनीला पॉलिसी नंबर देऊन लेखी विचारा.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी नंबर दिला की सर्व्हिसचा इतिहास मिळू शकतो : कुठल्या तारखेला किती किलोमीटरला गाडी आली. मीटर मागं फिरवलंय का, तेही तिथंच कळतं. पहिल्या मालकाचं नाव आरसीच्या नोंदीत आहे. त्याला फोन करा, भांडायला नव्हे, विचारायला. तुम्ही 'गाडी कुणाला, कधी आणि कितीला दिलीत' एवढं विचारलं की बरेच लोक मोकळेपणानं बोलतात. अपघात त्याच्या हातात झाला की व्यापाऱ्याच्या, हे कळणं गरजेचं आहे. त्यानं व्यापाऱ्याला अपघात सांगून स्वस्तात गाडी दिली असेल, तर व्यापाऱ्याचं 'मलाही माहीत नव्हतं' तिथंच संपतं.

आणि फायनान्सवाल्याला विसरू नका. जुन्या गाडीवर कर्ज देताना ते व्हॅल्युएशन करून घेतात, फोटोंसह. त्या अहवालाची प्रत मागा. त्यात चासी ठीक लिहिली असेल तर ज्यानं हे काम धंदा म्हणून केलं त्याच्याही नजरेला जोड आला नाही, मग तुमच्या कसा येणार? आणि जोड नोंदवलेला असेल, तर तुम्हाला न सांगता कर्ज कसं दिलं, हा प्रश्न त्यांना विचारता येतो. हप्ता मात्र थांबवू नका. व्यापाऱ्यावरचा राग फायनान्सवर काढला तर गाडी ओढून नेतील, आणि गाडीबरोबर पुरावाही जाईल.

पैशांकडं येतो. व्यापारी 'आहे त्या स्थितीत' म्हणतो. ते वाक्य सगळ्याच सौदापत्रांत असतं आणि घासलेले पाटे, जुनी बॅटरी, उडालेला रंग यांच्यासाठी ते ठीक आहे. पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणं याला करार कायद्यात, म्हणजे १८७२ च्या, कलम १७ मध्ये सरळ फसवणूक म्हटलंय, आणि कलम १९ प्रमाणं असा करार फसलेल्या माणसाला रद्द करता येतो. त्याचा वकील यावर काय म्हणेल, तेही सांगतो : 'हा माणूस वर्षानुवर्षं ड्रायव्हर, त्यानं गाडीखाली वाकून बघायला नको होतं का?' यासाठी तो टाकी लावलेला फोटो. टाकी उतरवल्याशिवाय जोड दिसतच नाही, आणि विकत घेताना कुणी टाकी उतरवून बघत नाही. शिवाय 'नॉन-ॲक्सिडेंट' हे त्यानं स्वतः लिहिलंय. तो मेसेज ज्या फोनवर आहे तो फोन विकू नका, बदलू नका, चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट आहेत म्हणून निर्धास्त राहू नका, मूळ फोन लागतो.

जिल्हा ग्राहक आयोगात जाता येईल का? तिथं पहिला आक्षेप येईल की ट्रक म्हणजे धंद्याची वस्तू, तुम्ही ग्राहकच नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे हे खरं, पण स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्यातून बाहेर काढली आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात ट्रकचंच उदाहरण दिलंय : ट्रक घेऊन स्वतः चालवणारा ग्राहक ठरतो, हाताखाली एक-दोन माणसं घेतल्यानं त्यात फरक पडत नाही. म्हणजे पुतण्या क्लीनर असण्याची अडचण नाही. अडचण दुसरीच होऊ शकते. पहिली गाडी आली की आपल्याकडं लगेच 'अमुक-तमुक रोडलाइन्स, फ्लीट ओनर्स अँड ट्रान्सपोर्ट कॉन्ट्रॅक्टर्स' अशी कार्डं छापतात आणि हौद्यावर तेच रंगवतात. छापली असतील तर तुमचा अभिमान मला समजतो, पण समोरचा वकील तेच कार्ड काढून दाखवेल. तक्रारीत साधं लिहा : एकच गाडी, मीच चालवतो, घर त्यावरच चालतं.

दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो, आणि तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापुरातच तक्रार करता येते. पुण्याला हेलपाटे नकोत. २० ते ५० लाखांच्या टप्प्यात फी एक हजार रुपये. मुदत दोन वर्षं, पण तुम्ही ती मोजत बसू नका. वस्तूची तपासणी लागणारी प्रकरणं पाच महिन्यांत निकाली काढावीत असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून जास्त धरून चला. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, तिथं आधी नोंद केली तर कधी कधी व्यापारी तिथूनच बोलायला लागतो.

त्याआधी नोटीस. वकिलाकडून, स्पीड पोस्टानं पोचपावतीसह, व्यापाऱ्याला आणि पहिल्या मालकाला, प्रत फायनान्सला. त्यात पंधरा दिवसांत येऊन गाडी बघायला सांगा. मागणी दोन पर्यायांत ठेवा : गाडी परत घ्या आणि किंमत, ट्रान्सफर, विमा, व्याज द्या, नाहीतर किमतीतला फरक आणि अधिकृत वर्कशॉपमधल्या दुरुस्तीचा पूर्ण खर्च द्या. न आल्यास अहवाल घेऊन मी दुरुस्ती करून घेईन आणि खर्च तुमच्याकडून वसूल करीन, हेही त्यातच लिहा. किमतीतला फरक हवेत सांगू नका. 'चासी जोडलेली आहे' हे स्पष्ट सांगून दुसऱ्या दोन व्यापाऱ्यांकडून आजचा भाव लेखी घ्या.

माझं मत विचाराल तर आधी परतीचाच आग्रह धरा. जोडलेली प्रत्येक चासी भंगार नसते. कंपनीच्या पद्धतीनं चॅनल बदलून किंवा मजबूत करून वर्षानुवर्षं चालणाऱ्या गाड्या आहेत. पण तुमच्या गाडीत आधीच्या वेल्डिंगनं काय बिघडवलंय ते प्लेट काढल्यावरच कळणार, आणि चासी नंबर असलेला भाग बदलायची वेळ आली तर आरटीओची परवानगी आधी, काम नंतर. एवढी अनिश्चितता २९ लाखांना कुणी का घ्यावी? परत द्यायची असेल तर आणखी एक कारण आहे गाडी न भरण्याचं. दोष कळल्यावरही तुम्ही महिनोन् महिने खेपा मारल्या तर व्यापारी म्हणेल, बघा, माल पसंत होता. आतापर्यंतच्या खेपा न कळता झाल्या. यापुढची प्रत्येक खेप कळून झालेली असेल.

व्यापारी बसून मिटवू म्हणाला तर जरूर बसा. आपल्याकडं अशी निम्मी प्रकरणं चहावरच मिटतात आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त जे ठरेल ते कागदावर, दोघांच्या सह्यांनी. आणि 'गाडी इथं आणून लावा, गिऱ्हाईक आलं की पैसे देतो' याला अजिबात हो म्हणू नका. आरसी तुमच्या नावावर, हप्ता तुमच्या खात्यातून आणि गाडी त्याच्या ताब्यात. त्यानं ती चालवायला काढली आणि काही झालं, तर समन्स कागलला येईल. पैसे खात्यात, फायनान्सचा हिशेब पुरा, ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या, मग किल्ली.

दुसऱ्याच्या गळ्यात घालायच्या सल्ल्याबद्दल. दोष माहीत असलेली गाडी रस्त्यावर आणणं किंवा आणू देणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली गुन्हा आहे. पण ते कलम नसतं तरी मी नकोच म्हटलं असतं. तुमची गाडी घेणाराही कुणीतरी ड्रायव्हरकी सोडून मालक व्हायला निघालेलाच असणार, त्याच्याही घरात गंठण मोडलेलं असणार. आणि व्यवहारानं बघायचं तर आज तुम्ही फसवले गेलेले आहात, जोड झाकून विकल्यावर तुम्ही फसवणारे व्हाल, तेही लेखी माग ठेवून. मिस्त्रीला माहीत आहे, व्यापाऱ्याला माहीत आहे, आता मलाही माहीत आहे.

मेहुण्याशी भांडू नका. त्यानं दलाली घेतली का, हे एकदा शांतपणे विचारा, आणि घेतली असेल तर ती कशी, किती, कुणाकडून, हे लिहून ठेवा. पण व्यापाऱ्यानं 'नॉन-ॲक्सिडेंट' म्हणताना तो समोर होता ना? मग तो तुमचा साक्षीदार आहे. त्याला आरोपी केलंत तर तो व्यापाऱ्याच्या बाजूला जाऊन बसेल आणि घरात बोलायची सोय राहणार नाही. त्याचा 'रंग देऊन विक' हा सल्ला लबाडीपेक्षा ओशाळलेपणातून आलेला असण्याची शक्यता जास्त. नोटीस काढताना त्याला बरोबर घेऊन वकिलाकडं जा. बायकोलाही अहवाल दाखवा. गंठण तिचं होतं, तिला हे चौथ्या माणसाकडून कळायला नको.

राहिली उचल. हा भाग तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलाय, पण घाई इथंच आहे. करार गाडीच्या नंबरावर झालेला असणार, आणि हंगाम सुरू होताना मोळी टाकायच्या दिवशी गाडी नाही म्हटलं तर कारखाना उचलीच्या वसुलीला लागेल. ऊसतोड टोळीच्या मुकादमाला तुम्ही पुढं पैसे दिले असतील तर ते वेगळेच अडकतील. म्हणून याच आठवड्यात कारखान्याच्या शेती विभागात जा. गाडीत दोष निघालाय, तपासणी चालू आहे, करारातला गाडी नंबर बदलून भाड्यानं घेतलेली दुसरी गाडी लावायची परवानगी द्या, असा अर्ज द्या आणि पोच घ्या. हंगामाआधी आलेला असा अर्ज त्यांना नवा नसतो. हंगाम सुरू झाल्यावर आलेला चालत नाही. भाड्याच्या गाडीत तुमच्या हाताशी कमी उरेल, कदाचित हप्त्यापुरतंच. दुसरी गाडी नाहीच मिळाली तर एक हंगाम पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर बसावं लागेल. अर्जाची प्रत आणि भाड्याच्या पावत्या मात्र नीट ठेवा. नुकसानभरपाई मागताना तो खर्चही व्यापाऱ्याकडं मागायचा आहे.